शब्द पुन्हा पुन्हा भेटावे लागतात

सांगोला तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी बरीच वर्षं नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. वर्गातली मुलं बहुतेक शेतकऱ्यांची. कुणाची डाळिंबाची बाग, कुणाची कोरडवाहू ज्वारी, कुणाच्या दारात चार दुभती जनावरं. काहींचे आईवडील दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्यामुळे दहावीत येईपर्यंत या मुलांनी इंग्रजीची नऊ पुस्तकं संपवलेली असतात. तरी जानेवारी उजाडला की पालक शाळेच्या दारात गाडी थांबवून विचारतात, "मॅडम, पोरगं बाकी समद्या विषयात निघंल, पण इंग्लिशमध्ये निघंल का?"

पूर्वपरीक्षा संपल्यापासून बोर्डाचा पेपर येईपर्यंतचे आठवडे उजळणीचे. पोर्शन झालेला असतो आणि तास हातात असतात. या तासांत काय करायचं यावर आमच्या स्टाफरूममध्ये दर वर्षी चर्चा होते, आणि मी तिथे माझं म्हणणं आवाज चढवूनच मांडते, कारण याच आठवड्यांत मुलांच्या हाती काहीतरी लागतं किंवा सगळं निसटून जातं. ते म्हणणं इथे क्रमाने लिहिते आहे.

१. सांगू नका, आठवायला लावा

उजळणीचा सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे शिक्षकाने फळ्यावर शब्दार्थ लिहायचे आणि मुलांनी ते उतरवून घ्यायचे. वर्ग शांत असतो, वह्या भरतात, पाहणाऱ्याला काम झालेलं दिसतं. मुलांच्या डोक्यात मात्र त्यातलं फार थोडं उतरतं, कारण त्या तासात मुलाला आठवावं असं काहीच लागलेलं नसतं.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःलाच प्रयोगाला बसवून निरर्थक अक्षरगट पाठ केले, किती वेळाने किती विसरतो याच्या नोंदी ठेवल्या आणि १८८५ साली त्या प्रसिद्ध केल्या. पाठ केलेल्यातलं पुष्कळसं सुरुवातीच्या काही तासांतच निसटतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो, असं त्याला आढळलं. दुसरा प्रयोग अमेरिकेतला, २००६ सालचा, रोडिगर आणि कार्पिकी या दोघांचा. त्यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला; काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. पेपरच्या आदल्या रात्री वाचल्यावर सगळं येतं असं का वाटतं आणि पुढच्या आठवड्यात ते कुठे जातं, याचं उत्तर मला या निष्कर्षात मिळालं.

म्हणून माझा तास कोऱ्या कागदाने सुरू होतो. पुस्तक दप्तरात. काल झालेल्या धड्यातले जेवढे शब्द आठवतील तेवढे लिहायचे, अर्थ मराठीत चालेल, स्पेलिंग चुकलं तरी चालेल. मग पुस्तक उघडायचं आणि राहिलेले शब्द लाल पेनाने भरायचे. या कागदाला गुण नसतात. एक मुलगी दर वेळी तक्रार करायची, "मॅडम, घरी वाचताना सगळं येत होतं." घरी शब्द समोर छापलेला होता, त्यामुळे तो ओळखीचा वाटला. ओळखीचा वाटणं आणि आठवणं यांत मोठं अंतर आहे, आणि ते अंतर मुलांना मार्चमध्ये परीक्षेच्या हॉलमध्ये कळण्यापेक्षा जानेवारीत वर्गात कळलेलं बरं. लाल पेनाची ती यादी हाच त्या मुलीचा खरा अभ्यास. प्रत्येकाची यादी वेगळी निघते. सगळ्या वर्गाला एकच यादी देण्यात अर्थ उरत नाही.

२. लग्नपत्रिकांची चिठ्ठी

लाल पेनाचे शब्द चिठ्ठ्यांवर जातात. आमच्याकडे प्रत्येक घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो. जाड कागद, मागची बाजू कोरी. त्या कापून चिठ्ठ्या करायच्या. एका बाजूला इंग्रजी शब्द आणि तो धड्यात ज्या वाक्यात आला ते वाक्य, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. वाक्याशिवाय चिठ्ठी मी स्वीकारत नाही. सुटा शब्द मुलं पाठ करतात आणि उताऱ्यात तोच शब्द दिसला की ओळखत नाहीत.

चिठ्ठ्या ठेवायला चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ साली आपल्या पुस्तकातून लोकांपुढे आणली. आलेला शब्द पुढच्या कप्प्यात, न आलेला पहिल्या कप्प्यात परत. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. जो शब्द येतो त्यावर वेळ घालवायचा नाही आणि जो येत नाही तो सुटू द्यायचा नाही, एवढंच त्यामागचं तत्त्व. पैसे लागत नाहीत, मोबाइल लागत नाही, वीज गेली तरी अडत नाही.

घरी ही उजळणी घ्यायला इंग्रजी येणारं माणूस लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. आई मराठी बाजू वाचते, मूल पाटीवर किंवा वहीत इंग्रजी शब्द लिहितं, मग आई चिठ्ठी उलटून अक्षरं जुळतात का तेवढं बघते. एका विद्यार्थ्याच्या आजीला वाचताच येत नव्हतं. नातू वाक्य वाचायचा आणि ती विचारायची, "म्हंजी काय रं?" मग त्याला ते मराठीत समजावून सांगावं लागायचं. त्या पोराच्या अभ्यासाला त्याहून चांगली शिकवणी मी देऊ शकले नसते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली काही मुलं शाळेत मागे राहतात, काहींना सोबत जावं लागतं. फडावर जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत वह्या-पुस्तकांचं ओझं राहत नाही, चिठ्ठ्यांचा गठ्ठा राहतो.

३. गावात आलेलं इंग्रजी आधी मोजा

"आमाला इंग्लिश येत न्हाई" असं म्हणणाऱ्या वर्गाला मी एकदा शेतात वापरायचे इंग्रजी शब्द सांगायला लावते. ड्रिप, फिल्टर, व्हॉल्व्ह, पंप, स्टार्टर, केबल, फ्यूज, स्प्रे, डोस, सबसिडी, लोन, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, ट्रान्सफॉर्मर, मीटर, बिल, ग्रेडिंग, पॅकिंग, एक्स्पोर्ट. फळा भरतो आणि मुलं स्वतःच त्याकडे बघत राहतात.

हा खेळ आत्मविश्वासासाठी आहेच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. यातल्या कितीतरी शब्दांना धड्यात दुसरा अर्थ असतो आणि तिथे मुलं अडकतात. 'करंट' म्हणजे तारेतला झटका हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. 'करंट अफेअर्स' आलं की गोंधळतात. 'लोडशेडिंग' रोजच्या बोलण्यातलं, पण झाड पानं 'शेड' करतं किंवा माणूस अश्रू 'शेड' करतो हे वाक्य आलं की पहिल्या क्षणी कुणालाच ते ओळखू येत नाही. एकदा दोन्ही शेजारी मांडले की कायमचे लक्षात राहतात, कारण एक अर्थ आधीच पक्का असतो आणि दुसरा त्याच्या आधाराने बसतो. उजळणीत नवे शब्द वाढवण्याऐवजी ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ धरावेत. कमी कष्टात जास्त हाती लागतं.

४. लहान शब्द वाक्य फिरवतात

मुलं मोठ्या शब्दांना घाबरतात. गुण जातात ते लहान शब्दांमुळे. 'अनलेस', 'अल्दो', 'अन्टिल', 'हार्डली', 'देअरफोर', 'इन्स्टेड', 'ऑनली इफ'. शब्दार्थांच्या यादीत हे शब्द क्वचितच असतात, कारण त्यांचा अर्थ एका शब्दात देता येत नाही. आणि पूर्ण वाक्याचं तोंड कुठे वळणार हे तेच ठरवतात.

'ही हार्डली वर्क्स' हे वाक्य मी फळ्यावर लिहिते आणि अर्थ विचारते. निम्म्याहून जास्त वर्ग सांगतो, तो खूप कष्ट करतो. खरा अर्थ बरोबर उलटा आहे. तो जवळजवळ काहीच काम करत नाही. दुसरं वाक्य पंपावरचं: 'डू नॉट स्टार्ट द पंप अनलेस द व्हॉल्व्ह इज ओपन.' मुलं 'डू नॉट स्टार्ट' वाचतात, 'ओपन' वाचतात आणि मधला 'अनलेस' ओलांडून जातात. मग कुणी म्हणतं व्हॉल्व्ह उघडा असेल तर पंप चालू करू नये. ज्याच्या घरची मोटर अशा चुकीने बिघडलेली असते त्याला हा शब्द पुन्हा शिकवावा लागत नाही.

उताऱ्यावरच्या चूक-बरोबरच्या प्रश्नांत, 'का' विचारणाऱ्या प्रश्नांत आणि वाक्यरूपांतरात याच शब्दांची परीक्षा असते. मी उजळणीच्या पहिल्या आठवड्यात दुसरं काही घेतच नाही. प्रत्येक लहान शब्दावर मुलांनी स्वतःच्या घरातलं, बागेतलं, एसटीतलं वाक्य करायचं. 'अल्दो'वर एका मुलाने केलेलं वाक्य: पाऊस पडला तरी टँकर आला. इंग्रजीत सांगताना त्याने क्रियापद चुकवलं, पण 'तरी' कुठे बसतो ते त्याला नेमकं कळलं होतं. क्रियापद पुढच्या दहा मिनिटांत दुरुस्त झालं.

क्रियापदाला चिकटणाऱ्या 'अप', 'आउट', 'आफ्टर', 'ऑफ' यांचंही तसंच. 'गिव्ह' येतं, 'अप' येतं, 'गिव्ह अप' येत नाही. अशी जोडी एका चिठ्ठीवर अखंडच लिहावी. सुटी करून शिकवू नये.

५. सगळे शब्द येतात, तरी गोष्ट कळत नाही

हा मुद्दा मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो. शब्दसंग्रह आणि वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची उजळणी केली की दुसरी आपोआप होते असं समजलं जातं, तसं होत नाही.

रस्किन बाँड यांची 'द थीफ्स स्टोरी' ही गोष्ट मी मुलांबरोबर दर वर्षी वाचते. पंधरा वर्षांचा एक पोरगा, चोऱ्या करणारा, दर वेळी नवं नाव घेणारा. कुस्तीचा फड बघत उभ्या असलेल्या अनिल नावाच्या तरुणाला तो गाठतो. इथेच आमची मुलं सावरून बसतात, कारण कुस्ती त्यांच्या घरातली. अनिल लेखक आहे, पैसे येतील तेव्हा येतात. तो या पोराला स्वयंपाकाला ठेवून घेतो आणि त्याला नाव लिहायला शिकवतो. पुढे पूर्ण वाक्यं लिहायला शिकवीन म्हणतो. एके रात्री अनिल पुस्तकाचे पैसे घेऊन येतो आणि गादीखाली ठेवतो. पोरगा ते काढून पळतो. स्टेशनवर गाडी चुकते, पाऊस येतो, नोटा ओल्या होतात. भिजत बसला असताना त्याला शिक्षण आठवतं, आणि तो परत येऊन पैसे जिथल्या तिथे ठेवतो. सकाळी अनिल चहा करून देतो, त्याच्या हातात एक नोट ठेवतो आणि आता नियमित पगार मिळेल म्हणतो. ती नोट अजून ओली आहे.

या शेवटात एकही अवघड शब्द नाही. 'वेट', 'नोट', 'रेन' सातवीतलं मूलही सांगेल. तरी "अनिलला चोरी कळली होती का?" असं विचारलं की निम्मा वर्ग म्हणतो, "नाही मॅडम, तसं कुठं लिहिलंय?" खरंच, तसं कुठेच लिहिलेलं नाही. ओल्या नोटेवरून ते वाचणाऱ्याने काढायचं आहे. गादीखाली ठेवलेली नोट रात्रीत ओली कशी होईल? देणाऱ्या अनिलला ती ओली आहे हे कळलंच असणार. मग त्याने काहीच का विचारलं नाही? उलट पगार का देऊ केला?

असा प्रश्न पडला की मुलं पुस्तकात मागे जातात, पाऊस कुठे आला होता ते शोधतात, नोटा कुठे ठेवल्या होत्या ते पाहतात. त्या शोधात 'मॅट्रेस', 'ड्रिझल', 'डॅम्प' हे शब्द दोन-तीनदा डोळ्यांखालून जातात आणि या वेळी ते कारणाने जातात. उजळणीत धडा पुन्हा वाचायचा तर हातात नवा प्रश्न हवा. जुनाच धडा जुन्याच प्रश्नोत्तरांसाठी वाचला तर मुलाचा डोळा फक्त अधोरेखित ओळींवर फिरतो. गाइडमध्ये उत्तर नसेल असा एक प्रश्न प्रत्येक धड्याला शोधणं हे उजळणीतलं शिक्षकाचं मुख्य काम आहे असं मी मानते.

पूर्ण वाक्यं लिहायला शिकण्यासाठी चोरलेले पैसे परत करणारा मुलगा वर्गातल्या मुलांना जितका जवळचा वाटतो, तितका दुसरा कुणी वाटलेला मी पाहिला नाही. काही मुलं त्या दिवशी घरी जाऊन ही गोष्ट मराठीत सांगतात.

६. अनोळखी उतारा: किती अनोळखी?

पॉल नेशन या न्यूझीलंडच्या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं आहे की मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात. म्हणजे ५० शब्दांत एक अनोळखी. अडीचशे शब्दांच्या उताऱ्यात पाच. त्याहून जास्त अनोळखी शब्द आले की मूल वाचत नाही, अंदाज बांधत बसतं.

हे कळल्यावर सरावासाठी उतारे निवडणं सोपं होतं. उजळणीच्या सुरुवातीला सोपे उतारे घ्यावेत, अगदी सातवी-आठवीच्या पुस्तकातलेही. यात मुलांचा अपमान नाही. सोपा उतारा वाचताना वाचनाचा वेग वाढतो आणि अर्थाकडे लक्ष जातं. परीक्षेच्या पातळीचे उतारे शेवटच्या पंधरवड्यात. काही शिक्षक पहिल्या दिवसापासून अवघड उतारे देतात. त्याने हुशार मुलं आणखी हुशार होतात आणि मागची मुलं प्रयत्नच सोडतात.

गाइडमध्ये सल्ला असतो की आधी प्रश्न वाचा आणि मग उताऱ्यात उत्तर शोधा. मला हा सल्ला मान्य नाही. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधून ती ओळ उतरवायची सवय लागते आणि पाठोपाठचं वाक्य, ज्यात 'बट' असतो, ते वाचलंच जात नाही. आधी उतारा सलग वाचायचा, पेन खाली ठेवून, अनोळखी शब्दाशी न थांबता. मग मराठीत एका वाक्यात मनाशी म्हणायचं: हे कशाबद्दल आहे? मग दुसरं वाचन, मग प्रश्न. वेळ वाया जात नाही. आमच्या वर्गात घड्याळ लावून हे करून पाहिलं आहे आणि जो मुलगा दोनदा सलग वाचतो तो उत्तरं लिहायला कमी वेळ घेतो.

७. फवारणीच्या बाटलीवरचं इंग्रजी

पुस्तकाबाहेरचं वाचन म्हणून मी कीटकनाशकाच्या लेबलचा फोटो वर्गात नेते. डबा किंवा बाटली कधीच नाही. मुलांनाही आणायला सक्त मनाई. भारतात विकल्या जाणाऱ्या कीटकनाशकाच्या लेबलवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विष किती तीव्र आहे ते सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. लाल आणि पिवळ्याच्या वर 'पॉयझन' असतं, निळ्याच्या वर 'डेंजर', हिरव्याच्या वर 'कॉशन'.

रंग बहुतेक मुलांनी पाहिलेले असतात. शब्द वाचलेले नसतात. 'डेंजर' मोठा की 'कॉशन'? या एका प्रश्नावर अख्खा तास रंगतो. समान अर्थाच्या शब्दांत जोर कमी-जास्त असतो, हे व्याकरणाच्या पुस्तकातून शिकवायला जड जातं. इथे ते जिवाशी जोडलेलं असतं. लेबलबरोबरच्या माहितीपत्रकात किती पाण्यात किती औषध, शेवटच्या फवारणीनंतर तोडणीसाठी किती दिवस थांबायचं, विषबाधा झाल्यास काय करायचं हे लिहिलेलं असतं. 'डायल्यूट', 'अव्हॉइड', 'इनहेल', 'अँटिडोट', 'वेटिंग पीरियड' हे शब्द मुलं एका तासात शिकतात आणि संध्याकाळी वडिलांना सांगतात. एका विद्यार्थिनीचे वडील शाळेत येऊन म्हणाले, "बाई, लेकीनं तोंडाला फडकं बांधल्याबिगर फवारू दिलं न्हाई बघा." इंग्रजी येण्याचा याहून चांगला पुरावा मी मागत नाही.

८. मराठीची लाज नको

इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही असा नियम मी केलेला नाही. अर्थ मराठीत पक्का झाला की शब्द लवकर रुजतो, आणि आमच्या दहावीच्या कृतिपत्रिकेत अनुवादाचाही प्रश्न असतो. फक्त एक पथ्य पाळावं. मराठी अर्थ सांगितल्यावर लगेच इंग्रजी वाक्यात परत यायचं. मराठीतच तास संपला तर मुलाला गोष्ट कळते आणि इंग्रजी तिथेच राहतं.

९. स्पेलिंग आणि आवाज

स्पेलिंगवर मी फार वेळ देत नाही. रोज पाच शब्दांचं श्रुतलेखन पुरतं. लेखी ८० गुणांखेरीज २० गुण तोंडी आणि श्रवणाच्या कामाचे असतात, त्यासाठी मात्र मोठ्याने वाचणं कधी सोडू नये. जोडीजोडीने वाचायचं, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बोट ठेवून ऐकायचं. वर्गात उठून वाचायला लाजणारी मुलं जोडीदारासमोर वाचतात.

१०. अर्ध्यावर सुटलं तर काय उरतं?

मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ १९२०च्या दशकात बंगालमध्ये, ढाक्याला, शिक्षकांना प्रशिक्षण देत होते. त्यांनी पाहिलं की शाळेत येणाऱ्या मुलांतली पुष्कळशी अभ्यासक्रम पुरा होण्याआधीच शाळा सोडतात, आणि सगळी शिकवण मात्र शेवटपर्यंत टिकणाऱ्या मुलासाठी आखलेली असते. म्हणून त्यांनी विम्यातली कल्पना शिक्षणात आणली: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच बंद केली तर हातात किती येतं? मुलाने मध्येच शाळा सोडली तर त्याच्याकडे इंग्रजीचं काय राहतं? वेस्ट यांचं उत्तर होतं वाचन. बोलायला समोर कुणी लागतं. वाचायला लागत नाही. त्यासाठी त्यांनी मोजक्या, वारंवार येणाऱ्या शब्दांत लिहिलेली वाचनपुस्तकं तयार केली. १९५३ साली त्यांची सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली, आणि जगभर इंग्रजी शिकवणाऱ्यांनी पुढची अनेक वर्षं तिचा आधार घेतला.

शंभर वर्षांपूर्वीचा तो प्रश्न माझ्या वर्गात आजही तसाच आहे. दहावीनंतर काही मुलींची लग्नं ठरतात, काही मुलं बागेत आणि ट्रॅक्टरवर जातात, काही पुण्याला कंपनीत लागतात. त्यांच्यातल्या अनेकांना पुन्हा कुणी इंग्रजी शिकवणार नाही. औषधाची पट्टी, बँकेचा फॉर्म, गॅसची पावती, मोबाइलवर आलेला फसवा मेसेज, पुढे त्यांच्या मुलांची पुस्तकं, एवढं मात्र त्यांना आयुष्यभर वाचावं लागणार आहे. ३५ गुणांवर पास होऊन गेलेली एक विद्यार्थिनी आता तिच्या सासरी बचत गटाची कागदपत्रं बघते, बँकेतल्या फॉर्मवरचा शब्द अडला तर मला फोन करते. फोन हल्ली क्वचित येतो.

म्हणून माझी दहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांना विनंती आहे. पूर्वपरीक्षेनंतरचे आठवडे प्रश्नोत्तरं उतरवून देण्यात घालवू नका. महत्त्वाच्या प्रश्नांची यादी मुलांना गाइडमधून मिळते. त्यासाठी तुमची गरज नाही. रोजच्या तासातली पहिली दहा मिनिटं कोऱ्या कागदाला द्या, उरलेल्या वेळात मुलांच्या हातात एक पान द्या आणि ते त्यांना स्वतः वाचू द्या. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला आधी विचारा, त्याचा कागद आधी बघा. पालकांना बोलावून चिठ्ठ्यांची पद्धत समजावून सांगा आणि इंग्रजी येत नसलं तरी त्यांना मुलाचा अभ्यास घेता येतो हे त्यांना मनापासून पटवून द्या.